नोंद आहे, पण फाईल आहे का? क्वेरीतूनच डिस्क तपासण्याची पद्धत

पिंपळगाव बसवंतचं पॅकहाऊस असो की अंबड एमआयडीसीतलं छोटं ऑफिस, द्राक्ष निर्यातीच्या कागदांची मांडणी नाशिक परिसरात बहुतेक सारखीच असते. शेतकऱ्याचा सातबारा, प्लॉट नोंदणी, रेसिड्यूचा (औषधांच्या उरलेल्या अंशाचा) लॅब रिपोर्ट, फायटो (रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र), पॅकिंग लिस्ट असं सगळं स्कॅन होऊन सर्व्हरवरच्या किंवा नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवरच्या) फोल्डरमध्ये जातं आणि डेटाबेसमध्ये त्या फाईलचा फक्त पाथ, म्हणजे फोल्डरसकट पत्ता, राहतो. पद्धत चांगली आहे. डेटाबेस हलका राहतो, बॅकअप लवकर होतो. पण कुणी फोल्डरचं नाव बदललं, जुन्या हंगामाच्या फाईली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या किंवा कॉपी अर्धवट राहिली, तर डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो. स्क्रीनवर नोंद व्यवस्थित दिसते आणि कंटेनर न्हावा शेव्याला निघायच्या दिवशी रिपोर्ट उघडत नाही.

असा डेटाबेस नव्यानेच ज्यांच्या हाती आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर माल निघेपर्यंत जो मोकळा वेळ मिळतो, त्यात ही तपासणी करून घ्या. जानेवारीत गाड्या लागायला लागल्या की कुणालाच सवड नसते.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. क्वेरीने ‘फाईल नाही’ असं उत्तर दिलं, तर त्याचे चार अर्थ होऊ शकतात: फाईल खरंच नाही, पाथ चुकीचा लिहिला आहे, डेटाबेसला ती बघायची परवानगी नाही, किंवा ती डिस्क या क्षणी जोडलेलीच नाही. हे चार अर्थ वेगळे करता आले, तरच तपासणीचा उपयोग आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हाताशी काय हवं

- डेटाबेसचं नाव आणि नेमकी आवृत्ती. सिलेक्ट व्हर्जन() किंवा सिलेक्ट @@व्हर्जन चालवून बघा; कुणी तोंडी सांगितलेल्या आवृत्तीवर जाऊ नका.
- डेटाबेसची सर्व्हिस ज्या अकाउंटखाली चालते त्याचं नाव.
- अ‍ॅडमिन लॉगिन, निदान सुरुवातीच्या सेटिंगपुरतं.
- सर्व्हरच्या मशीनवर बसण्याची किंवा रिमोटने जाण्याची सोय.
- ज्यातल्या काही फाईली नक्की आहेत आणि काही नक्की नाहीत, अशी पाच-सहा पाथची यादी.
- ताजा बॅकअप. आपण काही पुसणार नाही आहोत, तरीही.

फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, अंडरस्कोअरसह लिहायची.

१. डिस्क कुणाची आणि डोळे कुणाचे, ते ठरवा

नवीन माणूस सर्वात जास्त अडखळतो ते इथेच. क्वेरी तुम्ही तुमच्या लॅपटॉपवरून चालवता, पण फाईल शोधतो सर्व्हर, स्वतःच्या मशीनवर. तुमच्या सी ड्राइव्हवरची फाईल त्याला दिसणार नाही. शिवाय तो शोधतो ते तुमच्या नावाने नाही, सर्व्हिसच्या अकाउंटच्या नावाने. तुम्ही फोल्डर उघडून फाईल बघू शकता, एवढ्यावरून सर्व्हिसलाही ती दिसते असं धरू नका.

विंडोजवर याचा एक ठरलेला फटका बसतो. तुमच्या लॉगिनला नॅस झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. तो ड्राइव्ह तुमच्या सेशनपुरता असतो, सर्व्हिसला दिसत नाही. टेबलमध्ये झेडने सुरू होणारे पाथ असतील तर सगळेच्या सगळे ‘नाही’ येतील. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हर आणि शेअरच्या नावाचा पूर्ण नेटवर्क पाथ द्या. सर्व्हिस लोकल सिस्टिम किंवा नेटवर्क सर्व्हिस या अकाउंटखाली चालत असेल, तर नेटवर्कवर ती मशीनच्या अकाउंटने ओळखली जाते. डोमेन असेल तर शेअरवर त्या मशीन अकाउंटला वाचायची परवानगी द्यावी लागते. डोमेन नसेल तर सर्व्हिससाठी वेगळं अकाउंट तयार करून तेच नॅसवरही त्याच पासवर्डने बनवणं सोपं पडतं.

लिनक्सवर पोस्टग्रेस हे साधारणपणे पोस्टग्रेस याच नावाच्या युजरखाली चालतं. फाईलची माहिती मिळायला वरच्या प्रत्येक फोल्डरवर त्या युजरला ‘आत शिरायची’ म्हणजे एक्झिक्यूट परमिशन लागते. शेवटच्या फोल्डरला परमिशन दिली आणि मधल्या एकाला राहिली, तर उपयोग नाही. रेड हॅट कुळातल्या लिनक्सवर परमिशन बरोबर असूनही एसई-लिनक्स ही सुरक्षा यंत्रणा अडवू शकते. डेटाबेस डॉकरमध्ये असेल, तर कंटेनरला जोडलेल्या फोल्डरपलीकडचं काहीच दिसत नाही.

डेटाबेस क्लाउडवरचा, कंपनीने सांभाळलेला असेल, उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनचा आरडीएस, तर ही वाट बंदच आहे. तिथे तुम्हाला सर्व्हरच्या डिस्कपर्यंत पोचू देत नाहीत. पाथची यादी बाहेर काढून ऑफिसच्या मशीनवर छोट्या स्क्रिप्टने तपासा.

२. खुणेची फाईल ठेवा

कागदांच्या मुख्य फोल्डरमध्ये, नॅसवरच, एक छोटी टेक्स्ट फाईल करा. नाव काहीही द्या, समजा ‘खूण’. आत एक ओळ लिहा. ही फाईल कुणीही हलवायची नाही, असं ऑफिसात सांगून ठेवा.

प्रत्येक तपासणीत पहिला प्रश्न हाच: खूण दिसते का? दिसली नाही तर तिथेच थांबा, पुढचं काही चालवू नका. वीज गेल्यावर सर्व्हर आधी सुरू होतो, नॅसला वेळ लागतो आणि तो माउंट होत नाही, म्हणजे सर्व्हरला जोडला जात नाही. लिनक्सवर माउंटच्या जागेचं रिकामं फोल्डर तसंच उभं असतं, त्यामुळे एररही येत नाही. क्वेरी बिनबोभाट सांगते की एकही फाईल नाही. अशा निकालावर कुणी नोंदी रद्द करायला घेतल्या, तर अख्ख्या हंगामाचं काम उलटं होईल. ही पायरी कुणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

३. तुमच्या डेटाबेसचं हत्यार उचला

*पोस्टग्रेस.* इथे पीजी_स्टॅट_फाईल हे फंक्शन आहे. ते फाईलचा आकार, बदलल्याची वेळ, ते फोल्डर आहे का वगैरे सांगतं. दुसरा पॅरामीटर ट्रू दिला, तर फाईल नसताना एररऐवजी नल, म्हणजे रिकामं उत्तर, मिळतं. ही सोय ९.५ आवृत्तीपासून आहे. क्वेरी अशी (‘कागद’ हे नोंदींचं टेबल, क हे त्याचं छोटं नाव):

सिलेक्ट क.क्रमांक, क.पाथ
फ्रॉम कागद क
लेफ्ट जॉइन लॅटरल पीजी_स्टॅट_फाईल(क.पाथ, ट्रू) स ऑन ट्रू
व्हेअर स.साइझ इज नल;

आवृत्ती फार महत्त्वाची आहे. १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये हे फंक्शन सुपरयुजरलाही डेटा आणि लॉगच्या फोल्डरबाहेर जाऊ देत नसे. २०१८ साली आलेल्या ११ पासून पूर्ण पाथ देता येतो, आणि पीजी_रीड_सर्व्हर_फाईल्स हा रोलही (सर्व्हरवरच्या फाईली वाचायची परवानगी) मिळाला. अर्धवट पाथ दिला तर तो डेटा फोल्डरपासून मोजला जातो, म्हणून पाथ नेहमी मुळापासून द्या.

आता खरी अडचण. ट्रू दिल्याने फक्त ‘अशी फाईल नाही’ ही एकच एरर दाबली जाते. परमिशन नसेल किंवा पाथच्या मधला एखादा भाग फोल्डर नसून फाईल निघाली, तर एरर येते आणि अख्खी क्वेरी कोसळते. पन्नास हजार ओळींमधल्या एका ओळीमुळे हातात काहीच पडत नाही. त्यावर उपाय म्हणजे पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेत एक छोटं फंक्शन लिहायचं: आत पीजी_स्टॅट_फाईल, खाली एरर झेलणारा एक्सेप्शन ब्लॉक, आणि उत्तर तीनपैकी एक: ‘आहे’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’. त्यात पाथ नल असेल तर वेगळं चौथं उत्तर द्या. कारण पाथच नल असला तरी पीजी_स्टॅट_फाईल नलच देतं, आणि ज्या नोंदीला पाथच भरला नाही ती ‘फाईल हरवली’ या यादीत जाऊन बसते.

*एसक्यूएल सर्व्हर.* २०१७ पासून सिस.डीएम_ओएस_फाईल_एक्झिस्ट्स हे फंक्शन मिळतं आणि क्वेरीत थेट बसतं:

सिलेक्ट क.क्रमांक, क.पाथ, फ.पॅरेंट_डिरेक्टरी_एक्झिस्ट्स
फ्रॉम कागद क
क्रॉस अप्लाय सिस.डीएम_ओएस_फाईल_एक्झिस्ट्स(क.पाथ) फ
व्हेअर फ.फाईल_एक्झिस्ट्स = ०;

तीन कॉलम मिळतात: फाईल आहे का, ते फोल्डर आहे का, आणि वरचं फोल्डर आहे का. तिसऱ्या कॉलमकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण मला तोच सर्वात कामाचा वाटतो. फाईल ० आणि वरचं फोल्डर १ असेल, तर बहुधा फाईलच गेली आहे. दोन्ही ० असतील, तर आधी पाथ, परमिशन आणि नेटवर्क तपासा.

२०१७ च्या आधीच्या आवृत्तीवर मास्टर डेटाबेसमधलं एक्सपी_फाईलएक्झिस्ट वापरतात. वर्षानुवर्षं लोक ते वापरत आले आहेत, पण मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माहितीत ते नाही, तेव्हा पुढच्या आवृत्तीत ते राहीलच असं धरू नका. ते प्रोसिजर असल्यामुळे सिलेक्टमध्ये बसत नाही. आउटपुट पॅरामीटर घेऊन स्केलर फंक्शनमध्ये गुंडाळलं तर मग प्रत्येक ओळीला लावता येतं. परमिशन नसली तरी ते निमूट ० देतं, एरर देत नाही, म्हणून खुणेची फाईल इथे जास्तच गरजेची.

एक्सपी_सीएमडीशेल चालू करून डिर कमांड चालवा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. २००५ च्या आवृत्तीपासून ते मुळातच बंद ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. एवढ्याशा कामासाठी सर्व्हरवर कुठलीही कमांड चालवायचं दार उघडू नका.

*मायएसक्यूएल.* इथे तपासणीसाठी वेगळं फंक्शन नाही. लोड_फाईल(पाथ) इज नल अशी अट लावतात. पण लोड_फाईल अख्खी फाईल मेमरीत वाचतं. स्कॅन केलेल्या हजारो पीडीएफवर ते चालवणं म्हणजे सर्व्हरला बसवणं. शिवाय फाईल नसेल, फाईल प्रिव्हिलेज नसेल, फाईल सिक्युअर_फाईल_प्रिव्हच्या फोल्डरबाहेर असेल किंवा मॅक्स_अलाउड_पॅकेटपेक्षा मोठी असेल, तरी उत्तर एकच: नल. कोणतं कारण, ते कळायला मार्ग नाही. पाच-दहा फाईलींपुरतं ठीक. त्यापुढे मी मायएसक्यूएलवर ही तपासणी बाहेरच्या स्क्रिप्टनेच करते आणि निकाल टेबलमध्ये भरते.

*ऑरॅकल.* क्रिएट डिरेक्टरीने फोल्डरची नोंद करायची, वाचायची परवानगी द्यायची, मग डीबीएमएस_लॉब.फाईलएक्झिस्ट्स(बीफाईलनेम(डिरेक्टरीचं नाव, फाईलचं नाव)) हे सिलेक्टमध्येच १ किंवा ० देतं. बीफाईलनेममध्ये डिरेक्टरीचं नाव कॅपिटल अक्षरांत लिहा, नाहीतर ती सापडत नाही. आकारही हवा असेल, तर यूटीएल_फाईल.एफगेटअ‍ॅटर वापरा.

*डकडीबी.* एखाद्याला सगळं लॅपटॉपवरच करायचं असेल, तर याचं ग्लॉब फंक्शन फार सोयीचं आहे. फोल्डरचा नमुना दिला की त्यातल्या फाईलींची यादी टेबलसारखी मिळते. पाथची यादी सीएसव्हीत काढा आणि जोडा.

४. आधी पाच-सहा ओळींवर चालवा

हाताशी ठेवलेली पाथची यादी इथे लागते. नक्की असलेल्या फाईलींना ‘आहे’ आणि नसलेल्यांना ‘नाही’ आलं, तरच पुढे जा. एखादी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची परमिशन मुद्दाम काढा आणि तुमचं फंक्शन तिला काय म्हणतं ते बघा. ‘नाही’ म्हणालं तर फंक्शन सुधारायला हवं.

५. नावांच्या गुंत्याकडे लक्ष द्या

मराठी नावांच्या फाईली असतील, तर या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या.

‘शेतकऱ्याचा उतारा’ हे फाईलचं नाव घ्या. यातला ‘ऱ्या’ एका कीबोर्डवर ऱ, हलन्त, या असा टाइप होतो. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडणारं चिन्ह, मग या असा होतो. काहीजण र खाली नुक्ता देऊन ऱ करतात. स्क्रीनवर तिन्ही एकसारखे दिसतात, डिस्कला मात्र ती तीन वेगळी नावं आहेत. स्कॅन करणाऱ्याने एका पद्धतीने नाव दिलं आणि ऑपरेटरने दुसऱ्या पद्धतीने पाथ भरला, की फाईल डोळ्यांसमोर असूनही क्वेरी ‘नाही’ म्हणते.

पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे. त्याने नुक्त्याचा ऱ आणि एकसंध ऱ एक होतात, पण झेडडब्ल्यूजेचा प्रकार तसाच राहतो. तुलना करताना तो वेगळा बदलून घ्यावा लागतो: रिप्लेस वापरून र, हलन्त आणि सीएचआर(८२०५) यांच्या जागी ऱ आणि हलन्त. हा बदल तुलनेपुरता ठेवा. जोडी सापडली की मग टेबलमधला पाथ डिस्कवरच्या नावाप्रमाणे दुरुस्त करा.

एसक्यूएल सर्व्हरवर पाथचा कॉलम एनव्हारचार हवा, आणि क्वेरीत लिहिलेल्या मराठी मजकुराआधी एन हे अक्षर हवं. नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि प्रश्नचिन्हांच्या नावाची फाईल कुठेच नसते.

लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाईलचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून फार तर ८५ चिन्हं. गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि कागदाचा प्रकार असं सगळं नावात घातलं, तर ही मर्यादा पटकन येते. विंडोजवर चाललेलं नाव लिनक्सच्या डिस्कवर कॉपीच होत नाही.

बाकीचे सापळे लहान आहेत: विंडोजला लहान-मोठी रोमन अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत, त्यामुळे स्कॅनरने कॅपिटलमध्ये दिलेलं पीडीएफ अडतं, पाथच्या शेवटी राहिलेली स्पेस, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं म्हणून दोनदा लागलेलं पीडीएफ. नव्या फाईलींना नोंदीचा क्रमांक आणि कागदाचा छोटा कोड एवढंच नाव द्या. शेतकऱ्याचं नाव डेटाबेसमध्ये आहेच.

६. नोंदी खूप असतील तर फोल्डरची यादी एकदाच काढा

प्रत्येक ओळीसाठी नॅसला वेगळं विचारलं, तर लाखभर नोंदींना फार वेळ लागतो आणि दिवसा बाकीच्यांचं काम अडतं. त्याऐवजी पोस्टग्रेसमध्ये पीजी_एलएस_डिर आणि एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून सिस.डीएम_ओएस_एन्युमरेट_फाईलसिस्टिम वापरून यादी एका तात्पुरत्या टेबलमध्ये घ्या. मग नॉट एक्झिस्ट्सने तुलना करा. पीजी_एलएस_डिर आतल्या फोल्डरमध्ये शिरत नाही. हंगामवार फोल्डर असतील तर प्रत्येकासाठी चालवा किंवा रिकर्सिव्ह क्वेरी लिहा.

याचा दुसरा फायदा मोठा आहे: उलटी तपासणीही होते. डिस्कवर आहेत पण कुठल्याच नोंदीत नाहीत, अशा फाईली सापडतात. ‘हरवलेल्या’ फाईलींपैकी बऱ्याच इथेच भेटतात, जरा वेगळ्या नावाने किंवा शेजारच्या फोल्डरमध्ये.

७. आकारही बघा

फाईल आहे, पण ० बाइटची आहे, म्हणजे ती नसल्यातच जमा. कॉपी चालू असताना वीज गेली किंवा डिस्क भरली की असं होतं. पोस्टग्रेसमध्ये आकार आयताच मिळतो, तेव्हा ० आणि संशयास्पद लहान आकाराच्या फाईली वेगळ्या काढा. एका प्लॉटच्या नोंदीला दुसऱ्याच प्लॉटचा रिपोर्ट लागला असेल, तर या तपासणीत ते कळणार नाही. लॅब रिपोर्टसारख्या कागदांसाठी अपलोडच्या वेळीच शा-२५६ हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून नोंदीत ठेवला, तर निदान फाईल नंतर बदलली का ते कळतं.

८. परवानगी जपून द्या

पीजी_रीड_सर्व्हर_फाईल्स हा रोल वेबसाइटच्या किंवा अ‍ॅपच्या युजरला कधीही देऊ नका. तो मिळाला की सर्व्हिसला वाचता येणारी कुठलीही फाईल वाचता येते, पासवर्ड असलेल्या कॉन्फिगसकट. तपासणीचं फंक्शन सिक्युरिटी डिफायनर (बनवणाऱ्याच्या परवानगीने चालणारं) करा, त्याचा सर्च_पाथ (नावं कुठल्या क्रमाने शोधायची ते) बांधून टाका, पब्लिककडून, म्हणजे सर्वांकडून, एक्झिक्यूट काढा आणि ज्याला गरज आहे त्यालाच द्या. आत दोन अटी हव्यातच: पाथ कागदांच्या मुख्य फोल्डरनेच सुरू झाला पाहिजे, आणि त्यात वरच्या फोल्डरमध्ये नेणारे दोन टिंब नसावेत.

९. निकाल साठवा, नोंदी पुसू नका

वेगळं टेबल करा: नोंद क्रमांक, तपासणीची वेळ, उत्तर, आकार. प्रत्येक वेळी नवी ओळ घाला, जुनी बदलू नका. लागोपाठ दोन तपासण्यांत, खूण दिसत असताना, ‘नाही’ आलं तरच फाईल हरवली असं धरा. क्वेरी आणि फाईल उघडणं यांच्या मधल्या वेळात फाईल जाऊ शकते किंवा येऊ शकते. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन डिस्कवरच्या फाईलला बांधून ठेवत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये फाईल उघडताना येणारी एरर हाताळायचा कोड तरीही लागतोच.

रात्री आपोआप चालवायचं असेल, तर लिनक्सवर ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन पुरतो. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्सप्रेस आवृत्ती असेल, तर तिच्यात हेच काम करणारा एजंट नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी चालवा.

१०. यादी माणसाच्या हाती द्या

शेवटची यादी तालुका, गाव आणि कागदाच्या प्रकाराने लावून छापा: निफाड, दिंडोरी, चांदवड अशी. ‘सांगता येत नाही’ वाल्या ओळी त्यात घालू नका. त्या आधी तुम्ही स्वतः सोडवायच्या. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवरून पुन्हा काढता येतो, तेव्हा ते सर्वात शेवटी ठेवा. लॅब रिपोर्टची प्रत प्रयोगशाळेकडून मागवायला वेळ जातो, त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी मेल करा. शेतकऱ्याच्या सहीचे करार ऑफिसच्या कपाटात असतील तर पुन्हा स्कॅन करा, नसतील तर फील्ड ऑफिसरच्या पुढच्या प्लॉट भेटीच्या यादीत टाका. आलेली प्रत्येक फाईल टेबलमध्ये जो पाथ आहे त्याच नावाने ठेवा आणि तेवढ्या क्रमांकांवर तपासणी पुन्हा चालवा.